उतरता खांदा

१

ताईला माणूस तोंडावरून आठवायचा नाही, पाठीवरून आठवायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तर ती नुसती बघत बसायची. ते वळून चालायला लागलं की हाक मारायची, "अहो थांबा थांबा, तुमचा ब्लाउज तयार आहे की!" आयुष्य शिवणयंत्रावर गेल्यावर दुसरं काय होणार? त्या यंत्राने तिला दोन गोष्टी कायमच्या दिल्या होत्या. एक पुढे वाकलेली पाठ, आणि दुसरा जिन्यावर कट् कट् वाजणारा उजवा गुडघा. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, चोरी करायला जाऊ नकोस हं कधी. गल्लीच्या तोंडाशीच पकडली जाशील."

या भावाला सगळे तिरप्या म्हणत. लहानपणी झाडावरून पडला, हाड वेडंवाकडं जुळलं, आणि उजवा खांदा जो उतरला तो उतरलाच. बाजारातला एक शर्ट त्याला धड बसेल तर शपथ! उजवीकडे झोळ पडायचाच. म्हणून त्याचे शर्ट ताई घरी शिवायची, उजवा खांदा दोन बोटं उतरता कापून. आईवडील गेल्यापासून घरात ही दोनच माणसं. तिने त्याला वाढवला, शिकवला, त्याच्यापायी स्वतःच्या लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही, आणि त्याबद्दल तिला कधी वाईटही वाटलं नाही.

तर हा तिरप्या मागच्या वर्षी डोंगरातली भातखाचरं बघायला म्हणून गेला. चार दिवसांत येतो म्हणाला आणि तिकडेच राहिला. फोन यायचे. "इथं बरं आहे. काम आहे. तू काळजी करू नकोस." सुरुवातीला फोनवर तो तिची टर उडवायचा. मग ते बंद झालं. आवाज तोच, पण महिनोन्‌महिने एक चेष्टा नाही की एक टोमणा नाही. ताईला ते सहन होईना. शेवटी तिने निळ्या चौकड्यांचं कापड आणलं, एक शर्ट बेतला, दुकानाला कुलूप लावलं आणि शेजारणीला सांगितलं, "त्याला घेऊनच येते. नाहीतर तोंड दाखवणार नाही."

२

गाव डोंगराच्या खोबणीत बसलं होतं, आणि चहूकडून वरपर्यंत खाचरं. एकावर एक पायऱ्या, प्रत्येक पायरीत काठोकाठ पाणी, आणि प्रत्येक पायरीला दगडामातीचा बांध. बसमधून बघताना ताई हरखून गेली. मग तिच्या लक्षात आलं की गावातली घरं त्या बांधांनाच चिकटून बांधली आहेत. प्रत्येक घराची मागची भिंत म्हणजे वरच्या खाचराचा बांध. एवढं पाणी डोक्यावर घेऊन ही माणसं झोपतात तरी कशी, असं तिच्या मनात आलं.

"उतरताय इथं?" कंडक्टरने विचारलं. "परतीची गाडी उद्या दुपारी. मी हॉर्न देईन. वर येऊन कुणाला बोलावणार नाही."

चौकात चहाचं दुकान होतं. ताई आत शिरली आणि टेकायला बाकडं शोधू लागली. बाकडं नव्हतं. खुर्ची नव्हती, स्टूल नव्हतं, साधं उलटं घातलेलं खोकंही नव्हतं.

"बसायला नाही," चहावाला म्हणाला. "प्यायचा असेल तर उभ्याने प्या, आणि निघा."

"अहो, प्रवासातून आलेय. जरा नीट बोला की."

त्याने नुसता कप पुढे सरकवला. मागच्या भिंतीला पाठ लावून एक म्हातारी उभी होती. टेकून आराम करतात तशी नव्हे. टाचा रोवून, मान ताठ, अडकलेली गाडी पाठीने ढकलावी तशी. थोड्या वेळाने एक बाई आली. ती म्हातारीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि पाठ भिंतीला घासत हळूहळू सरकली. ती सरकेल तशी म्हातारी बाजूला होत गेली. क्षणभरही ती जागा मोकळी राहिली नाही. मग म्हातारी निघाली, आणि जाता जाता ताईच्या मागे येऊन थांबली.

ताईने वळून पाहिलं. म्हातारी तिच्या पाठीकडे बघत होती. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, मग मानेपासून कमरेपर्यंत. ही नजर ताईला चांगली ठाऊक होती. ती स्वतः रोज हेच करायची.

"भरेल," म्हातारी चहावाल्याला म्हणाली आणि निघून गेली.

ताईने अर्धा चहा तसाच ठेवला. तिच्या अंगावर काटा आला होता आणि त्याचा तिला रागही आला होता. खेडवळ माणसं, पाहुणा बघायची सवय नाही, दुसरं काय, असं तिने स्वतःला सांगितलं.

३

तिरप्या भाताच्या गिरणीत सापडला. आत तुसाची धूळ इतकी की श्वास घेववेना. यंत्र धडधडत होतं, एकजण पोती लावत होता, आणि मागच्या भिंतीला पाठ लावून माणसांची एक रांगच्या रांग उभी होती. त्या रांगेत तोही होता.

"अरे तिरप्या!" ताईचे डोळे भरून आले. "किती वाळलास रे! आणि हे काय, पोलिसांनी उभं केल्यासारखा उभा आहेस?"

"ये ताई," तो म्हणाला. हसला. हसणं त्याचंच होतं, पुढच्या तुटक्या दातासकट. "थांब, बदली येऊ दे."

बदली आली, तो सरकत बाहेर निघाला. ताईने त्याला धरून पोटाशी घेतलं. अंग गार होतं, ओल्या मडक्यासारखं. तिने पिशवीतून शर्ट काढला. "आधी हा घाल बघू. मागच्या वर्षीचा कुठाय? हीच चौकडी होती."

"कामात गेला तो."

तो शर्ट घालून तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. लहानपणापासूनची सवय, नवा शर्ट घातला की ताईला पाठ दाखवायची आणि ताईने मधून हात फिरवून "फिट्ट!" म्हणायचं. ताईने हात उचलला आणि तो तसाच राहिला.

उजव्या खांद्यावर कापड ताणलं होतं. मानेपाशी सुरकुत्या पडल्या होत्या आणि शर्ट एका बाजूने वर ओढला गेला होता. उतरता कापलेला खांदा एखाद्या सरळ खांद्याच्या माणसाने घातला की होतं, अगदी तसं.

"खांदा सरळ झालाय की तुझा," ती म्हणाली.

"कामाने होतं."

होत असेल बाबा. रोज भिंतीला टेकून टेकून हाड वर आलं असेल. डॉक्टर काय, काहीही म्हणतात नाहीतरी. ताईने असं खूप काही मनाशी म्हणून पाहिलं. पण "फिट्ट" हा शब्द काही तिच्या तोंडून फुटला नाही.

"घरी चल," ती म्हणाली. "आज-उद्या करू नकोस. उद्याच्या गाडीने चल."

तिला वाटलं होतं तो भांडेल. तिने वादाची सगळी तयारी करून ठेवली होती. तो म्हणाला, "चल की. मी वाटच बघत होतो तू येण्याची."

रांगेतल्या सगळ्यांनी एकदम ताईकडे पाहिलं. त्यांच्यात एकाच्याही डोळ्यांत बरं वाटल्याची खूण नव्हती.

४

लॉज म्हणजे चौकावरची एक माडी. लॉजवाली उंच, हाडकुळी. तिने खोली दाखवली आणि नाव-गाव काही न विचारता एकच प्रश्न केला, "पाठीचं काही दुखणं?"

"शिलाईकाम आहे. दुखणारच."

"दुखू दे. वाकते ना? वाकली पाहिजे, मोडली नाही पाहिजे."

"हे कसलं हो बोलणं?"

"वर पाणी फार आहे," लॉजवाली म्हणाली, आणि दार ओढून गेली. त्या दिवशी ताईला एवढाच काय तो खुलासा मिळाला.

खोलीत एक गादी, एक खुंटी, चौकाकडे उघडणारी खिडकी. मागची भिंत बांधाची, वरून गिलावा केलेला. भिंतीत मनगट जाईल एवढं एक भोक होतं, पाणी झिरपून जावं म्हणून ठेवतात तसं. त्यात कसला तरी बोळा कोंबलेला होता. भिंत ओलसर होती, आणि मधोमध तिला फुगवटा आला होता.

खुर्ची नाही म्हटल्यावर ताईने डब्यातली पोळी उभ्यानेच खायला घेतली. दिवसभराच्या बसने पाठ नुसती ठणकत होती. खाता खाता ती मागे सरकली आणि फुगवट्याच्या शेजारी, भिंतीच्या सपाट भागाला टेकली.

काय सुख वाटलं म्हणून सांगू! कुबडासारखी वाकलेली तिची पाठ कुठल्याच भिंतीला नीट टेकत नसे. खांदे टेकले तर कंबर अधांतरी. ही भिंत मात्र तिला मऊ मातीसारखी सामावून घेत होती. मानेशी, खांद्यांशी, कमरेच्या खळगीत, सगळीकडे. ताईने डोळे मिटले. तिची पोळी हातातच राहिली.

मग तिला जाणवलं की भिंत तिच्या पाठीवरून सरकते आहे. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. मग मानेपासून कमरेपर्यंत. माप घेताना ताई टेप जशी फिरवते, त्याच क्रमाने.

ती ओरडून पुढे झाली. भिंत होती तिथेच होती. "दमलीयेस तू, दुसरं काही नाही," ती मोठ्याने म्हणाली, आणि गादी ओढून खिडकीपाशी नेली.

अंधार पडेपर्यंत ती एक आवाज ऐकत राहिली. आधी तिला पाणी वाटलं. पण पाण्याचा आवाज असा नसतो. हा आवाज ती आयुष्यभर ऐकत आली होती. खरखरीत जागेवर सुती कापड घासल्याचा आवाज होता तो. थांबून थांबून, श्वासाच्या लयीत. आणि तो भिंतीच्या पलीकडून येत होता.

५

सकाळी उजेड खिडकीतून तिरका भिंतीवर पडला आणि ताईला फुगवटा नीट दिसला.

ती पाठ होती. गिलाव्यात उमटलेली, कुणीतरी पलीकडून भिंतीला पाठ लावून उभं असावं तशी. खांद्याची दोन पाती, मधला पन्हळ, मानेचं हाड. आणि उजवा खांदा दोन बोटं उतरता.

या पाठीसाठी तिने किती शर्ट बेतले होते! अंधारात चाचपून सांगितली असती.

"भलतंच काहीतरी," ती पुटपुटली. "ओल धरली की गिलावा कसाही फुगतो. ढगात नाही का आपल्याला हत्ती दिसत?" असं म्हणत म्हणतच तिने भोकातल्या बोळ्याचं टोक चिमटीत धरलं. निळ्या चौकड्यांचं कापड. मागच्या वर्षीचा शर्ट. खांद्याच्या शिवणीवर तिची ती दुहेरी टीप, कापड उतरतं म्हणून मुद्दाम घातलेली. कामात गेला म्हणाला होता ना? फाटला असेल, भोक बुजवायला वापरला असेल. इतकं सरळ आहे. ताईने बोळा ओढला.

तो निघाला नाही. तो बोळा नव्हताच. कापड ताणलेलं होतं, आणि खाली ऊब होती. तिच्या बोटांखाली ते हळूच वर आलं आणि हळूच खाली गेलं.

ताईने हात मागे घेतला आणि तोंडावर दाबून धरला.

शेजारी, काल ती जिथे टेकली होती तिथे, आता दुसरा फुगवटा होता. ताजा, ओला. तीही पाठच होती. रुंदीला बेताची, पुढे वाकलेली, कुबड यायच्या बेतात असलेल्या कुण्या बाईची. ही कुणाची असावी, याचा ताईने खूप विचार केला. एवढ्या पाठी पाहिल्या, पण हिची मालकीण काही तिला आठवेना. स्वतःची पाठ कुणी कुठे पाहिलेली असते?

६

लॉजवाली न विचारता आत आली आणि उतरत्या खांद्याच्या त्या फुगवट्याला पाठ लावून उभी राहिली. ताईने तिला धरून गदागदा हलवलं. "पलीकडे कोण आहे? सांगा! माझा भाऊ आहे का पलीकडे?"

"हात काढा," लॉजवाली म्हणाली. "तुम्ही ओढलंत, आता ही जागा मोकळी ठेवता येत नाही. तुमचा भाऊ दुपारपर्यंत गिरणीत आहे. येईल. इकडच्यांना बदली असते. पलीकडच्यांना नसते. पाव्हणे येतात म्हणून आमचं निभतं. आता गप उभ्या राहा."

दुपारी तो आला. अंगात नवा शर्ट, मानेपाशी त्याच सुरकुत्या. लॉजवाली सरकली, तो तिच्या जागी टेकला, आणि ती मागे वळून न बघता खाली गेली. चौकात गाडीचा हॉर्न वाजला.

"चल ताई. बॅग दे."

ताईने सवयीने गळ्यात अडकवलेली टेप काढली. तिने त्याच्या खांद्यांवर टेप आडवी धरली. टेप सरळ होती. इतकी सरळ, की तिच्यावर कपबशी ठेवली असती तरी हलली नसती.

"तू कोण आहेस?" तिने विचारलं.

"उशीर होतोय," तो म्हणाला. आणि बदलीची वाट न बघता भिंतीपासून बाजूला झाला.

भिंत कण्हली. फुगवट्याच्या वरून खालपर्यंत चीर गेली, गढूळ पाण्याची धार फुटली, आणि गिलाव्यातली ती पाठ उजवीकडे कलायला लागली. लहानपणी दमला की तिरप्या असाच कलायचा, आधी उजवा खांदा, मग अख्खा तो. भोकातून आवाज आला, मातीने भरलेल्या तोंडाचा. "ताई."

तिने विचार केला नाही. दळण असो, पाण्याची कळशी असो, आजारपण असो, त्याच्या हातून काही निसटायला लागलं की ती धावायची आणि म्हणायची, "सोड, मी धरते." तशीच ती आताही धावली, वळली, टाचा रोवल्या आणि पाठ भिंतीला लावली. पाठीला पाठ भिडली. तिच्या डाव्या बाजूला, बरोबर दोन बोटं खाली, तिला तो खांदा लागला.

चीर थांबली. पाणी थांबलं.

समोर त्याने बॅग उचलली. "येतो हं," असं अगदी घरच्यासारखं म्हणाला आणि जिना उतरून गेला.

ताई मोकळी होती. तिला कुणी बांधलं नव्हतं. दोन ढांगांत दार गाठलं असतं तर गाडी मिळाली असती. पण पलीकडचा श्वास आता तिच्या पाठीवर लागत होता, आणि ती हलली तर तो बंद पडणार, हे तिला तिच्या टिपेइतकं पक्कं कळत होतं. ती रडत होती आणि टाचा आणखी रोवत होती.

"थांबा हो जरा!" खालून तिरप्याचा आवाज आला. कंडक्टरला सांगत होता. "ताई येतेय."

ताईने मान वळवून शेजारी पाहिलं. दुसरा फुगवटा आता तिथे नव्हता. भिंत सपाट होती, आणि भिंतीच्या बुडापासून दारापर्यंत ओल्या चिखलाची अनवाणी पावलं उमटलेली होती.

जिन्यावर आवाज झाला. कट्. मग पुढची पायरी. कट्. सावकाश, कठड्याला धरून उतरावं तसा. ताईचा गुडघा जागच्या जागी होता, आणि तो जिना उतरत होता.

खिडकीतून तिला चौक दिसत होता. एक बाई बसकडे चालली होती. पुढे वाकलेली, बेताची. अंगावर निळं लुगडं, आत्ता ताईच्या अंगावर होतं तेच. तिरप्याने तिला हात देऊन वर चढवलं, मग स्वतः चढला. दोघं खिडकीशी शेजारी शेजारी बसली. त्या गावात आल्यापासून ताईने कुणाला बसलेलं पाहिलं ते हे पहिल्यांदाच. मग ती बाई काहीतरी म्हणाली असावी, कारण तो हसला, आणि गाडी वळणाआड गेली.

पाठीमागे कापड घासत राहिलं, वर, खाली.

"ताई," भोकातून आवाज आला. "तू कशाला आलीस गं?"

"गप. नीट उभा राहा."

"गाडी गेली का?"

"गेली."

"कोण कोण गेलं?"

ताईने डोळे पुसले नाहीत. हात भिंतीपासून सोडवायची तिची छाती झाली नाही. शेजारीण कुलपाकडे बघून बघून कंटाळली असेल. संध्याकाळी दार उघडेल, दिवा लागेल, घरात पुन्हा दोन माणसं दिसतील आणि तिला किती बरं वाटेल.

"आपण दोघं," ताई म्हणाली.